ओमाहाचा जून: कॉलेज बेसबॉल वर्ल्ड सिरीज २०२५

मिसूरीकाठ | १६ जून, रात्री ११:४०

मंडळी, आज दुपारी जे बघितलं ते कुणाला तरी मराठीत सांगितल्याशिवाय झोप येणार नाही, म्हणून हा धागा. मी ओमाहात राहतो, नेब्रास्का राज्यात, मिसूरी नदीच्या काठावर. अमेरिकेबाहेर या गावाचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं, पण दर जूनमध्ये इथे कॉलेज बेसबॉलची वर्ल्ड सिरीज असते आणि त्या दहा-बारा दिवसांत आमचं गाव म्हणजे आषाढीचं पंढरपूर. लुईझियाना, टेक्सास, टेनेसी, कुठून कुठून लोक हजार-दीड हजार किलोमीटर गाडी हाकत येतात, पार्किंगमध्ये शेगड्या मांडतात, ओळखदेख नसताना हातात प्लेट देतात. १९५० पासून स्पर्धा इथेच आहे, कोविडचं २०२० तेवढं सोडायचं.

तर आज आर्कान्सॉ विरुद्ध मरे स्टेट. दोघंही एकेक मॅच हरलेले, म्हणजे आज हरला तो घरी. आर्कान्सॉचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, गेज वूड. पठ्ठ्याने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या, २७ आउटपैकी १९ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक पडून बॅटर बाद, आणि समोरच्यांना एकही हिट नाही, म्हणजे बॉल मारून कुणी बेस गाठला नाही. ३-०. याला नो-हिटर म्हणतात. या स्पर्धेत आजवर अशा फक्त तीन झाल्यात, पहिली १९५० ला, दुसरी १९६० ला आणि तिसरी आज. पासष्ट वर्षांनी! सात इनिंगपर्यंत तर एकही बॅटर पहिल्या बेसवरसुद्धा पोचला नव्हता, आठवीत एकाला बॉल लागला म्हणून तो गेला, नाहीतर परफेक्टच.

माझ्या बाजूला आमचे शेजारी बसले होते, ऐंशी पार केलेले आजोबा, गेली कित्येक वर्षं आम्ही त्यांच्याबरोबरच जातो. ते मांडीवर पुठ्ठा आणि त्यावर स्कोअरकार्ड घेऊन पेन्सिलने प्रत्येक बॉलची नोंद ठेवतात. सहाव्या इनिंगनंतर माझी मुलगी (सातवीत आहे) पटकन बोलायला गेली की बाबा यांना अजून एकपण हिट, आणि आजोबांनी तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला. बेसबॉलमध्ये नो-हिटर चालू असताना तो शब्द उच्चारायचा नाही, दृष्ट लागते. मग आमची अख्खी रांग गप्प, सगळ्यांना सगळं माहीत आणि कुणी काही बोलत नाही, मधेच कुणीतरी घसा खाकरतंय एवढंच. शेवटचा स्ट्राइक पडला तेव्हा मी उठून ओरडलो आणि शेजारी बघतो तर आजोबा बसलेलेच, चष्मा काढून डोळे पुसतायत. नंतर सांगितलं त्यांनी. १९६० ची ती मॅच झाली त्या दिवशी ते गावातच होते, शाळकरी पोर, आणि काकांबरोबर मासे पकडायला गेले होते. पासष्ट वर्षं ती रुखरुख होती म्हणे.

उद्या परत जाणार आहे. कुणाला या स्पर्धेबद्दल काही बोलायचं असेल तर या.

कोकणकडा | १७ जून, सकाळी ९:१५

दादा काय लिहिलंयत, काटा आला अंगावर. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, होमरन म्हणजे सिक्स एवढंच ज्ञान. पण एक शंका, एकेक मॅच हरूनही दोन्ही संघ स्पर्धेत कसे काय? नॉकआउट नसते का?

मिसूरीकाठ | १७ जून, सकाळी १०:०२

@कोकणकडा, तीच तर या स्पर्धेची गंमत आहे, सांगतो. अमेरिकेत पहिल्या दर्जाची, म्हणजे डिव्हिजन वनची, तीनशेच्या आसपास कॉलेजं बेसबॉल खेळतात. त्यातून मे महिन्याच्या शेवटी ६४ निवडतात. चार-चारचे १६ गट, प्रत्येक गट एका गावात, तीन-चार दिवसांत खेळ खल्लास. तिथून १६ उरतात, त्यांच्या आपसात तीनपैकी दोन जिंकायच्या, त्याला सुपर रीजनल म्हणतात. उरलेले आठ ओमाहाला. इथे पुन्हा चार-चारचे दोन गट, आणि गटात नियम एकच, दोनदा हरलात की बॅगा भरायच्या. एकदा हरलात तर अजून जीव आहे, पण मग वाट लांबची आणि रोज मरण डोक्यावर. दोन्ही गटांचे विजेते शेवटी तीनपैकी दोनच्या फायनलमध्ये. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावर अजून एक संधी मिळते ना, तसंच, फक्त इथे ती सगळ्यांना.

आणि हे असं का, तर बेसबॉलमध्ये एका दिवसावर भरवसा नाही. एक पिचर पेटला की जगातला भारी संघ गार पडतो. काल बघितलंच. म्हणून एका पराभवाची माफी. ज्याच्याकडे एकच चांगला पिचर आहे तो एक मॅच जिंकेल, पण इथे टिकायला तीन-चार लागतात, हरलेल्या बाजूने यायचं तर अजून जास्त. कोच मंडळींचं सगळं डोकं यातच जातं की आज कुणाला वापरू आणि उद्यासाठी कुणाला राखून ठेवू.

नॅशव्हिलची ताई | १७ जून, दुपारी १:३०

१९ स्ट्राइकआउट आणि ३-० हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. २०१९ च्या जूनमध्ये आमच्या इथल्या व्हँडरबिल्ट कॉलेजच्या कुमार रॉकरने ड्यूकविरुद्ध सुपर रीजनलमध्ये नो-हिटर टाकली होती, तेव्हाही १९ स्ट्राइकआउट आणि तेव्हाही स्कोअर ३-०! आणि आदल्या मॅचमध्ये ड्यूकने आमच्यावर १८ रन चढवल्या होत्या, म्हणजे तीपण हरलो तर संपलं अशीच मॅच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुमारचे वडील ट्रेसी रॉकर, अमेरिकन फुटबॉलमधलं मोठं नाव. आई भारतीय वंशाची, तिचे आईवडील भारतातून इकडे आलेले. तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता, १९ वर्षांचा. त्या आधी आमच्या इथल्या देशी घरांत बेसबॉल म्हणजे फार संथ, कंटाळवाणा असंच मत होतं. त्या रात्रीनंतर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला लोक विचारायला लागले की स्लायडर म्हणजे काय. शनिवारच्या मराठी शाळेतल्या एका मुलाने वहीच्या कव्हरवर मराठीत मोठ्या अक्षरात कुमार असं लिहिलं होतं, मला अजून ती वही डोळ्यासमोर आहे. त्या वर्षी व्हँडरबिल्ट ओमाहात जिंकली आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू कुमारच.

आणि २०२१ पण बघितलंय मी. फायनलची तिसरी मॅच, मिसिसिपी स्टेटविरुद्ध, कुमारच पिचर, ९-० ने हरलो, आमच्या अख्ख्या संघाला मिळून एक हिट. मिसिसिपी स्टेटचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, त्यांची माणसं रडत होती आणि इकडे आम्ही. नंतर त्या पोराने किती सोसलं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल संघ खेळाडू निवडतात त्यात, न्यूयॉर्क मेट्सनी दहाव्या नंबरला निवडून तब्येतीच्या कारणावरून करारच केला नाही, मग पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनी तिसऱ्या नंबरला घेतला, आणि मोठ्या लीगमध्ये उभा राहिला तो थेट सप्टेंबर २०२४ ला. मी ती मॅच टीव्हीवर लावून देवासमोर दिवा लावला होता.

जुना पाहुणा | १७ जून, रात्री ८:४५

ताई, तुमचं प्रेम समजतं, पण २०२१ चा विषय निघालाच आहे तर माझ्या मनातलं बोलतोच. मी राहतो रॉलीत, माझा संघ एनसी स्टेट, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेट. पहिल्या दोन मॅच जिंकून आम्ही फायनलच्या उंबरठ्यावर होतो, अजून एक विजय हवा होता फक्त. मग कोविडच्या टेस्ट, आणि व्हँडरबिल्टविरुद्ध मैदानात उतरायला आमच्याकडे उरले १३ खेळाडू. तेरा! तरी ३-१ पर्यंत झुंजले, पहिल्यांदाच स्टार्ट करणारा पिचर होता. आणि त्या रात्री उशिरा दोनच्या सुमारास निर्णय की उद्याची मॅच होणारच नाही, व्हँडरबिल्ट पुढे. सकाळी उठलो तर स्पर्धा संपलेली. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि तोही मैदानावर नाही, रात्रीच्या एका पत्रकात. चार वर्षं झाली, मी अजून ते विसरू शकलेलो नाही.

नॅशव्हिलची ताई | १७ जून, रात्री ९:२०

पाहुणे, मनापासून सांगते, त्या दिवशी आमच्या घरातपण कुणाला आनंद झाला नव्हता. असं पुढे जाणं कुठल्या खेळाडूला हवं असतं? मी स्वतः हॉस्पिटलात काम करते, त्यामुळे नियम का होते ते मला कळतं आणि ते असायलाच हवे होते असंही मला वाटतं. पण त्या तेरा पोरांनी त्या दिवशी जो खेळ केला त्याला मी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, व्हँडरबिल्टची टोपी घालून.

जुना पाहुणा | १७ जून, रात्री ९:३२

ताई, हे वाचून बरं वाटलं. खरंच.

सॉफ्टबॉलवाली | १८ जून, सकाळी ७:१०

मी महाराष्ट्रातच आहे, शाळेत पीटी शिकवते आणि मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ घेते. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ बेसबॉल खेळलेय. लोकांना वाटतं आपल्याकडे हे खेळ नाहीतच, पण शालेय सॉफ्टबॉल आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात चालतो, मुली फार सुंदर खेळतात. आमच्या वेळी अकरा जणींत सात ग्लोव्ह होते, इनिंग संपली की समोरच्या संघाकडून मागून घ्यायचे आणि त्यांच्या फिल्डिंगला परत द्यायचे. ग्राउंड क्रिकेटचं, मधली खेळपट्टी दगडासारखी, तिच्यावर बॉल टप्पा पडला की कुठे उडेल नेम नाही.

आर्कान्सॉचा विषय आहे म्हणून २०१८ ची फायनल आठवली, मी ती दरवर्षी नव्या मुलींना दाखवते. ओरेगन स्टेट विरुद्ध आर्कान्सॉ, आर्कान्सॉ पहिली मॅच जिंकलेली, दुसरीत ३-२ ने पुढे, नववी इनिंग, दोन आउट. एक आउट मिळाला की विजेतेपद, तेही शाळेच्या इतिहासातलं बेसबॉलचं पहिलं. बॅटरने बॉल उंच उडवला, फाउल लाइनच्या बाहेर, पहिल्या बेसच्या मागे, तिथे झेलला तरी आउटच. तीन फिल्डर धावले, फर्स्ट बेसमन, सेकंड बेसमन आणि राइट फिल्डर. आणि बॉल तिघांच्या मधोमध जमिनीवर पडला. कुणी हात लावला नाही. त्याच बॅटरने पुढे हिट मारून बरोबरी केली, पाठोपाठ ट्रेव्हर लार्नाकचा होमरन, ५-३. दुसऱ्या दिवशी केव्हिन एबल नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने आर्कान्सॉला एक रन करू दिली नाही, ५-०, कप ओरेगन स्टेटकडे.

मी मुलींना हे कुणाची चूक म्हणून दाखवत नाही. मी व्हिडिओ थांबवते आणि आवाज बंद करून विचारते, कॉल कुणाचा? नियम साधा आहे, पुढे पळत येणाऱ्याला बॉल समोर दिसतो, मागे पळत जाणाऱ्याला मान वळवून बघावं लागतं, म्हणून बाहेरून आत येणारी ओरडली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. "माझा, माझा, माझा" तीनदा, पोटातून. पण पंचवीस हजार लोकांच्या गोंगाटात कुणाचा आवाज कुणाला ऐकू जाणार? म्हणून मी सरावाला दोन मुलींना डबे बडवायला उभ्या करते आणि त्या कल्लोळात कॅच घ्यायला लावते. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या मॅचमध्ये आमच्या सेंटर फिल्डरने असा एक कॅच घेतला, आजूबाजूच्या दोघी बरोबर खाली बसल्या होत्या. मला त्या क्षणी ओमाहाची आठवण आली.

कोकणकडा | १८ जून, सकाळी ८:००

मॅडम, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. डबे बडवणं भारीच.

जुना पाहुणा | १८ जून, दुपारी १२:२५

इतिहासाचं थोडं माझ्याकडून. पहिली स्पर्धा १९४७ ची, मिशिगनमधल्या कलामाझूत. कॅलिफोर्नियाने येलला हरवलं, आणि येलकडून पहिल्या बेसवर कोण, तर जॉर्ज बुश, थोरले, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. युद्धावरून परतून कॉलेजात आले होते. पुढच्या वर्षी पुन्हा फायनल आणि पुन्हा हार. १९४९ ला विचिटा आणि मग कायमचं ओमाहा. साउदर्न कॅलिफोर्नियाची १२ विजेतेपदं, त्यातली १९७० ते १९७४ सलग पाच, हा विक्रम मोडेल असं मला तरी वाटत नाही.

पण मला विचाराल तर या स्पर्धेतला एकच फटका सांगायचा तर १९९६, वॉरन मॉरिस. एलएसयू म्हणजे लुईझियाना स्टेट विरुद्ध मायामी, तेव्हा फायनल एकाच मॅचची असायची. शेवटची इनिंग, दोन आउट, एलएसयू ८-७ ने मागे, एक जण तिसऱ्या बेसवर. मॉरिसचं मनगटाजवळचं हाड मोडल्यामुळे निम्मा सीझन गेलेला, अख्ख्या वर्षात एक होमरन नाही. पहिलाच बॉल आला तो त्याने उजव्या कोपऱ्यातून कुंपणाच्या जेमतेम पलीकडे टाकला. ९-८. मायामीची पोरं जिथे उभी होती तिथे जमिनीवर आडवी झाली. मी तेव्हा नुकताच अमेरिकेत आलो होतो, हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये टीव्ही चालू होता, खेळ कळत नव्हता, पण ती आडवी पडलेली पोरं बघून मी कपडे धुवायचे सोडून तिथेच बसून राहिलो. तेव्हापासून हा नाद.

मिसूरीकाठ | १८ जून, रात्री ११:५५

पाहुणे, तो फटका जिथे पडला ते रोझेनब्लाट स्टेडियम आता नाही. टेकडीवर होतं, प्राणिसंग्रहालयाला लागून, आउटफिल्डच्या पलीकडे त्यांचा तो मोठा काचेचा घुमट दिसायचा. मी २००८ ला पहिल्यांदा गेलो, हेच शेजारचे आजोबा एक जास्तीचं तिकीट आहे म्हणून घेऊन गेले. त्या वर्षी फ्रेस्नो स्टेट जिंकली, आपल्या गटात चौथ्या म्हणजे शेवटच्या नंबरवर ठेवलेला संघ. त्यांचा स्टीव्ह डेटवायलर अंगठ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळत होता आणि शेवटच्या मॅचमध्ये दोन होमरन, संघाच्या सहाच्या सहा रन त्याच्या बॅटवर. २०१० ला तिथली शेवटची स्पर्धा, मग २०११ पासून गावातलं नवीन स्टेडियम. जुनं पाडलं त्या दिवसांत आजोबा तिकडच्या रस्त्याने जायचे नाहीत, लांबून वळसा घालायचे. होम प्लेटची, म्हणजे बॅटर उभा राहतो ती, जागा अजून आहे, छोटं मैदान करून ठेवलंय तिथे, मुलीला मी पहिल्यांदा बॅट तिथेच धरायला दिली.

आजची मॅच बघितली का कुणी? एलएसयू आणि आर्कान्सॉ. काय सांगू. आर्कान्सॉ नवव्या इनिंगमध्ये ५-३ ने पुढे, आणि पुन्हा तेच, डावीकडे जोरात मारलेला बॉल, फिल्डर घसरला, बॉल निसटला, ५-५. पुढच्याच बॅटरचा फटका सेकंड बेसमनच्या ग्लोव्हला घासून गेला आणि ६-५. आर्कान्सॉ घरी. परवा नो-हिटर आणि आज हे. सॉफ्टबॉलवाली मॅडम, तुमची फार आठवण झाली. आमच्या समोरच्या रांगेत लाल शर्ट घातलेलं एक कुटुंब होतं, ते सगळे निघून गेले पण त्यांच्यातला दहाएक वर्षांचा मुलगा उठेना, बापाने पण उठवलं नाही, शेजारी बसून राहिला नुसता. झाडूवाले आमच्या रांगेपर्यंत आले तरी ते दोघं तिथेच होते.

वेगवान मारा | २२ जून, सकाळी ७:४०

काल रात्रीची फायनलची पहिली मॅच स्ट्रीमवर बघितली, या धाग्यामुळेच. एलएसयू १, कोस्टल कॅरोलायना ०. तो केड अँडरसन भन्नाट आहे, पण मला एक गोष्ट खटकली आणि ती बोलायलाच हवी. १३० बॉल? एका मॅचमध्ये, पूर्ण जोर लावून? मोठ्या लीगमध्ये तर शंभरच्या आसपास काढून घेतात. मी पुण्यात पोरांना फास्ट बोलिंग शिकवतो. एकोणिसाव्या वर्षी माझ्या पाठीच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, कारण तेव्हाच्या कोचला मॅच जिंकायची होती आणि मलाही नाही म्हणता येत नव्हतं. त्या वयात कुणीच नाही म्हणत नाही. बॉल मागितला की हात पुढे होतोच. म्हणून मोठ्या माणसाने नाही म्हणायचं असतं.

मिसूरीकाठ | २२ जून, सकाळी ९:०५

@वेगवान मारा, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि त्यात खोटं काही नाही. फक्त दुसरी बाजू सांगतो. कॉलेजात मुख्य पिचर आठवड्यातून एकदाच टाकतो, बहुतेक शुक्रवारी. अँडरसनने आधीची मॅच १४ तारखेला टाकली होती, म्हणजे मधे पूर्ण आठवडा. मोठ्या लीगमध्ये पाच-सहा दिवसांनी पाळी येते आणि सीझन सहा महिन्यांचा, म्हणून तिथे हिशोब कडक. पण हेही खरं की अँडरसनच्या कोपराचं ऑपरेशन शाळेत असतानाच झालेलं आहे, ते टॉमी जॉन म्हणतात ते, १९७४ ला ज्या पिचरवर पहिल्यांदा केलं त्याच्या नावाने. मनगटातला किंवा मांडीचा टेंडन काढून कोपरात बसवतात आणि मग वर्ष-सव्वा वर्ष नुसता व्यायाम. अशा पोराला नवव्या इनिंगला परत पाठवताना बघून माझ्या पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू. आजोबा म्हणाले, त्याच्याकडे बघ, तो डगआउटमध्ये, म्हणजे संघ बसतो तिथे, कुणाकडे बघतच नाहीये, त्याला विचारलं जाऊच नये असं वाटतंय.

वेगवान मारा | २२ जून, सकाळी ९:२०

तेच तर म्हणतोय ना दादा मी. मी पण असाच बघत नव्हतो कुणाकडे.

मिसूरीकाठ | २२ जून, सकाळी ९:३१

हे वाचून थांबलो जरा. बरोबर आहे तुमचं. मला काल रात्री त्या पोराचं धैर्य दिसलं, तुम्हाला त्यामागचं दिसलं.

कोकणकडा | २२ जून, सकाळी १०:१५

एक विचारू? ही पोरं सगळी पुढे प्रोफेशनल होतात का? की आपल्या रणजीसारखं, बरेचसे तिथेच राहतात?

मिसूरीकाठ | २२ जून, सकाळी १०:५०

नाही रे, बहुतेक नाही होत. नावं गाजतात ती वरच्या दोन-चारांची, २०२३ मध्ये एलएसयूचे दोघे, पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूज, ड्राफ्टमध्ये पहिला आणि दुसरा नंबर. पण ओमाहाला आलेल्या संघातलीसुद्धा बरीच पोरं शेवटच्या आउटनंतर स्पर्धात्मक बेसबॉल पुन्हा कधी खेळत नाहीत. आणि पैशाचं म्हणशील तर आतापर्यंत एका कॉलेजला बेसबॉलसाठी ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या, संघात तीस-पस्तीस पोरं, म्हणजे कुणाला पाव, कुणाला निम्मी, बाकी आईबापाच्या खिशातून नाहीतर कर्ज. या महिन्यातच कोर्टात तडजोड मंजूर झाली, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना पुढच्या सीझनपासून शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघात ३४ खेळाडू एवढाच नियम राहणार. मोठ्या कॉलेजांना बरं होईल, पण मरे स्टेटसारख्या लहान गावच्या कॉलेजचं काय होणार ही मला काळजी आहे. यंदा ते पहिल्यांदा इथे आले, गटात चौथ्या नंबरवरून. सोमवारी नो-हिटर खाऊन बाहेर गेले तेव्हा आमचा अख्खा विभाग त्यांच्यासाठी उभा राहिला होता. मला तो आवाज वूडच्या शेवटच्या स्ट्राइकएवढाच लक्षात राहील.

निघतो आता, दीडची मॅच आहे.

नॅशव्हिलची ताई | २२ जून, दुपारी २:२०

अहो हे काय चाललंय, पहिल्याच इनिंगमध्ये कोस्टलच्या कोचना बाहेर काढलं?? फायनल आहे ही!

जुना पाहुणा | २२ जून, दुपारी २:२८

ताई, मी पण हतबुद्ध झालोय. बॉल स्ट्राइक होता की नाही यावरून अंपायरशी वाद, तो नियम आहे मान्य, पण ज्या माणसाने पहिल्याच वर्षी मुख्य कोच होऊन संघ सलग २६ मॅच जिंकवत इथवर आणला त्याने विजेतेपदाची मॅच आतून टीव्हीवर बघायची? पोरांचं कसं होणार आता.

मिसूरीकाठ | २२ जून, रात्री ९:४५

संपलं. एलएसयू ५-३, दोन्ही मॅच जिंकून विजेते, त्यांचं आठवं. कोस्टलने शेवटपर्यंत सोडलं नाही, कोच नसताना ज्या पद्धतीने पोरं उभी राहिली त्याला तोड नाही. २०१६ ला पहिल्यांदाच येऊन जिंकले होते तेव्हाही मी होतो, तेव्हा त्यांचा निळसर हिरवा रंग गावात कुणी ओळखत नव्हतं, आज निम्मं स्टेडियम त्या रंगाचं होतं.

उकाडा असह्य होता. शेवटचा आउट झाला आणि एलएसयूची पोरं पिचरच्या उंचवट्यावर एकमेकांवर कोसळली, माणसांचा ढीग. स्टेडियमच्या दारात जिंकल्यावर एकमेकांना बिलगलेल्या पोरांचा ब्राँझचा पुतळा आहे, मुलगी लहान असताना त्यातल्या एका पोराला गुदमरत असेल म्हणून रडली होती. आज ती त्या ढिगाकडे बघतच नव्हती. तिसऱ्या बेसच्या बाजूला डगआउटच्या कठड्याला टेकून कोस्टलचा एक जण उभा होता, ग्लोव्ह अजून हातात, आणि दुसऱ्या हाताने ग्लोव्हची वादी एकेक भोकातून ओढून घट्ट करत होता, आपण मॅचच्या आधी करतो तशी. पूर्ण वादी नीट बसवली, गाठ मारली, मग काढला हातातून आणि आत गेला.

आजोबांनी आज पाचव्या इनिंगपासून स्कोअरकार्ड मुलीकडे दिलं होतं, त्यांचा हात थरथरतो हल्ली. तिने नोंद केली, ते शेजारी बसून बोटाने चौकट दाखवत होते. के म्हणजे स्ट्राइकआउटची खूण, बॅट फिरवून चुकला तर सरळ के, नुसता बघत राहिला तर उलटा के. एकदा तिने उलट्याचा सरळ लिहिला, त्यांनी खोडायला लावला.

सॉफ्टबॉलवाली | २३ जून, सकाळी ६:३०

दादा, ते कोरं स्कोअरकार्ड स्कॅन करून टाकाल का इथे? आज पाऊस आहे, ग्राउंडवर चिखल झालाय, सराव वर्गातच घेणार. वूडची ती मॅच लावते आणि मुलींना बॉल-टू-बॉल लिहायला बसवते.

मिसूरीकाठ | २३ जून, सकाळी ८:१०

टाकलंय खाली, मॅडम, दोन्ही बाजू. मुलीने कोपऱ्यात मराठीत खुणांचा अर्थ लिहून दिलाय तुमच्या मुलींसाठी. आणि आजोबांचा निरोप, पेन्सिलच वापरा, पेन नको.